उगवतीची बाजू

शनिवारी दुपारी मृण्मयीच्या कानात एक माणूस म्हणाला, "मी नवा हाय. मला ह्यातलं काय बी येत न्हाई. कुणी सांगंल का?"

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला. पडद्यावर नेहमीचं वाळवंटातलं गाव होतं, मातीच्या भिंती, एक कमान, दोन लाकडी दरवाजे, आणि तिच्या बाजूचे शिपाई भिंतीला पाठ लावून उभे होते. डाव सुरू व्हायला अवकाश होता. एरवी या वेळात सगळे बंदुका निवडतात, एकमेकांना शिव्या देतात, कालच्या हरण्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडतात. आज कोणी बोलत नव्हतं. तो आवाज वयस्कर होता, थोडा घोगरा. त्यात लाज नव्हती आणि विनवणीही नव्हती. रस्त्यात एसटी थांबवून 'ही पौडला जाती का' असं विचारावं तितक्या सरळपणे त्या माणसानं विचारलं होतं आणि आता तो उत्तराची वाट बघत होता. त्याचा शिपाई मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता. बहुधा त्याला वळता येत नसावं.

मृण्मयी दोन वर्षं हा खेळ खेळत होती. सूस गावात केबलचं इंटरनेट देणाऱ्या साहिलनं आपल्या गिऱ्हाइकांसाठी स्वतःचा सर्व्हर लावला होता, त्यामुळे खेळणारे सगळे आसपासच्या सोसायट्यांमधलेच होते. कदाचित रोज एकाच लिफ्टमध्ये भेटणारे. पण तिथं कोणाला खरं नाव नव्हतं. कोणी डांबर होता, कोणी काळा कोल्हा. ती वाघनख होती. वाघनख कधी माइकवर बोलत नसे, लागेल तेवढं टाइप करत असे, आणि त्याचा नेम सहसा चुकत नसे. सगळे वाघनखला पुरुष धरून चालले होते आणि त्याच्या गप्प राहण्याला थोडे वचकून होते. तिनं तो समज मोडला नव्हता. हिंजवडीच्या ऑफिसात दिवसभर जी मृण्मयी वापरली जाई तिच्यापेक्षा हा न बोलणारा माणूस तिला आत कुठंतरी जास्त आपला वाटे.

आणि या गावाचा एक अलिखित नियम तिला पक्का माहीत होता. इथं कोणी नवा नसतो. नवा माणूस इतरांच्या मागे मागे सावलीसारखा चालतो, मेला की माऊस बिघडल्याचं सांगतो, नाहीतर 'खूप दिवसांनी खेळतोय' म्हणतो. नूब, म्हणजे नवशिका, ही इथली सगळ्यात मोठी शिवी होती, आईबहिणीच्या वरची. तिनं स्वतः पहिला महिना एका पिंपाआड बसून काढला होता. कोणती कळ दाबल्यावर काय होतं हे दुसऱ्यांचे हात न पाहता, नुसत्या त्यांच्या हालचालींवरून ओळखलं होतं. त्यामुळे 'मी नवा हाय' असं जो उघड म्हणतो तो नवा असूच शकत नाही, हे तिला लगेच कळलं. मुरलेले खेळाडू असली सोंगं आणतात. गावठी बोलतात, भिंतीला धडकतात, आणि आपल्या जागा समोरच्यांना सांगून मोकळे होतात. डांबरनं खाली टाइप केलं, 'नाटकी आहे, काढा.' पडद्यावर कौलाची चौकट आली. या खेळाडूला बाहेर काढायचं का? तिनं 'हो' दाबलं. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला शिपाई नाहीसा झाला.

डाव त्यांनी जिंकला. पण त्या माणसाचं वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. चहा गाळताना ती ते मनात म्हणून पाहत होती. 'मला'पाशी जीभ अडत होती. अचलपूरच्या शाळेत नववीला कॉम्प्युटरचा वर्ग होता, खोलीला पडदे, चपला बाहेर, तीन मुलांत एक मशीन. सर फळ्यावर काहीतरी लिहून पुढं गेले तेव्हा ती उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "सर, मले नाही समजलं." सर हसले. रागावले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं तिला अनेकदा वाटलं होतं. ते हसले आणि वर्गाला म्हणाले, "टाळ्या वाजवा रे हिच्यासाठी." आणि वर्गानं खरंच टाळ्या वाजवल्या, मैत्रिणींनीसुद्धा, मन लावून. त्या दिवसापासून तिनं मान डोलवायला सुरुवात केली. मान डोलवण्याचंही एक शास्त्र असतं. वाक्य संपल्यावर डोलवली तर ती भीतीची दिसते. वाक्य अर्ध्यात असताना, किंचित आधीच डोलवली तर समोरच्याला वाटतं, हिला हे आधीपासून माहीत होतं. अमरावतीचं इंजिनिअरिंग, पुण्यातली पहिली नोकरी, बढती, सगळं त्या अर्ध्या वाक्याच्या अंतरात झालं होतं. वाटेत कुठंतरी 'मले' गेलं, 'मला' आलं.

आता तिच्याकडे परदेशातल्या एका इस्पितळाचं काम होतं. आजारी बाळांना सलाइनमधून औषध किती द्यायचं ते त्यांचं सॉफ्टवेअर वजनावरून काढून देणार होतं. किडनी कमकुवत असलेल्या बाळांसाठी औषध कमी करणारा एक तक्ता त्यात होता. तो करणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, जाताना त्यानं तासभर समजावलं होतं आणि मृण्मयीनं तासभर, योग्य त्या जागी, मान डोलवली होती. नंतर एकटीनं पाहिलं तेव्हा तिला दिसलं की तक्त्याच्या एका टोकाला आकडा उतरायचा तो चढतो. सगळ्यात लहान बाळांना औषध कमी व्हायचं तर वाढतं. असेल काही कारण, तिनं स्वतःला सांगितलं. डॉक्टरांनी पाहिलं असेल, तपासणाऱ्या नरहरीनं पाहिलं असेल. सोमवारी सकाळी बैठक होती आणि तिला एक शब्द म्हणायचा होता, 'ठीक'. तो म्हटला की बुधवारी तिकडच्या वॉर्डात ते सुरू होणार होतं. गेला आठवडाभर तिला झोपेत काचेच्या पेट्या दिसत होत्या, आणि त्यातलं बाळ कधीच दिसत नव्हतं, नुसती नळी.

संध्याकाळी ती पुन्हा खेळायला बसली तर तोच आवाज आला. "मगाशी मला भाईर काढलं. का काढलं त्ये सांगाल का? मी नवा हाय. मला ह्यातलं काय बी येत न्हाई." शब्द जवळजवळ तेच होते. आवाजात राग शोधला तरी सापडत नव्हता. पुन्हा कौल झाला, पुन्हा तो गेला. या वेळी तिनं काहीच दाबलं नाही, पण तेवढ्यानं काही अडलं नाही. मग तिनं साहिलला फोन लावला. कुणीतरी आवाज बदलून त्रास देतंय, बघ जरा, असं म्हणायला.

"म्याडम," साहिल म्हणाला, "त्ये आमचं आबा हायेत."

"कोण?"

"वडील माझे. गेणबा. दुपारपास्नं गोठ्यात बसल्यात मशिनीफुडं. मला म्हनत्यात, तुझी मानसं भाईर ढकलत्यात. मी म्हनलं, आबा, तितं आसंच असतंय. तर म्हनत्यात, मग काय चुकलं त्ये तरी सांगतील का न्हाई."

"गोठ्यात?"

"सर्व्हर गोठ्यातच हाय की. म्हशी इकल्या, जागा मोकळीच व्हती. गारवा बी लई असतुया तितं." मग त्यानं विचारलं, "तरास व्हतोय का? काढू का त्येन्ला?"

"नको," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ उभीच राहिली. खरंच नवा. खरोखरीचा, साधा, नवा माणूस. त्याला काही येत नव्हतं आणि त्यानं ते सांगितलं होतं, एवढीच गोष्ट होती, आणि तिच्या डोक्यात ती मावत नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून मान वर करावी आणि टोक दिसू नये तसं तिला झालं. आयुष्यभर तिनं जे वाक्य उंबऱ्याच्या आत अडवून धरलं होतं ते या माणसानं एका दिवसात दोनदा म्हटलं होतं, दोनदा त्याला हाकललं गेलं होतं, आणि त्या वाक्यानं त्याचं काहीच झालं नव्हतं. तो उद्या पुन्हा येईल, हे तिला पक्कं वाटलं. आपण आलो असतो का, हा प्रश्न तिनं विचारला नाही.

रविवारी सकाळी तो आला. "काल मला दोनदा काढलं," आवाज म्हणाला. "काय चुकलं त्ये सांगा, आज न्हाई करनार. मी नवा हाय."

'परत आला,' डांबरनं टाइप केलं. चौकट आली. मृण्मयीनं 'नाही' दाबलं आणि घाईनं लिहिलं, 'थांबा. खरंच नवा आहे.' 'तुला काय माहीत?' काळ्या कोल्ह्यानं विचारलं. ती उत्तर लिहीत होती तेवढ्यात आवाज म्हणाला, "खाली कायतरी अक्षरं पळत्यात. मला वाचाया येळ लागतो. तोंडानं सांगा की कुणीतरी."

माइकची कळ कुठं आहे हे तिला माहीत होतं. दोन वर्षं तिचं बोट त्या कळीला वळसा घालून जात होतं. तिनं ती दाबली. आपल्या खोलीतली शांतता तिकडे पोचली असणार, मागचा पंख्याचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

"आबा," ती म्हणाली, "माऊस उजवीकडे सरकवा. हळू."

भिंतीकडे तोंड करून उभा असलेला शिपाई हळूहळू वळला आणि त्याचं रिकामं तोंड तिच्याकडे झालं. मग एक कोवळा आवाज फुटला, "अरे, वाघनख बाई आहे." आणि दुसरा, जाड, तिनं कधी न ऐकलेला, म्हणजे डांबर, म्हणाला, "गप रे. शिकवतायत ना त्या."

"बाई हाय व्हय?" गेणबा म्हणाले. "बरं झालं. बापय सांगत न्हाईत, नुसते वरडत्यात."

कोणीतरी हसलं. ते हसणं साधं होतं. चौकट अजून पडद्यावर होती, एकेकानं 'नाही' दाबलं आणि ती मिटली. तिनं त्यांना चालायला शिकवलं, वाकायला शिकवलं. मग म्हणाली, "आता डाव्या दरवाज्यानं जायचं."

"डावा माझा का तुमचा?"

"तुमचा."

"पर माझं तोंड कुटं हाय त्येच मला म्हाईत न्हाई." गेणबा म्हणाले. "हितं उगवत कुटं हाय?"

ती म्हणणार होती की इथं उगवत नसते, हा खेळ आहे. तोंडात शब्द आलाही होता. मग तिनं वाळूकडे पाहिलं. कमानीची सावली पडलेली होती. पिंपाची होती, दरवाज्याची होती, चारी शिपायांची होती, आणि सगळ्या एकाच अंगाला कललेल्या होत्या. तिनं माऊस वर नेला. तिथं आकाश होतं, आणि आकाशात, भिंतीच्या कडेवर, पांढराफटक सूर्य होता. दोन वर्षं ती या गावात मरत आणि मारत होती, त्याच्या प्रत्येक दगडाआड लपली होती, आणि तिनं एकदाही वर पाहिलं नव्हतं. हे कोणीतरी घडवलं होतं, कुठल्यातरी ऑफिसातल्या कुठल्यातरी माणसानं, जिथं कोणी बघणार नाही तिथं सूर्य ठेवला होता, आणि त्याच्या हिशेबानं प्रत्येक वस्तूची सावली पाडली होती.

"सूर्य आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "कमानीच्या वर. पण तो उगवतोय की मावळतोय ते सांगता येत नाही, आबा. मला माहीत नाही."

मला माहीत नाही. शब्द निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

"सकाळच धरा आबा," डांबर म्हणाला. "आपण आत्ताच तर आलोय."

मग सूर्याच्या अंगाच्या त्या डाव्या दरवाज्याला सगळे उगवतीचा दरवाजा म्हणू लागले. डांबरनं आपली मोठी बंदूक गेणबांच्या पुढ्यात वाळूवर टाकली. "ही घ्या. नुसतं पुढं या, आपोआप हातात येते." "आन् तुमी?" गेणबांनी विचारलं. "मी बघतो," डांबर म्हणाला आणि नुसतं पिस्तूल घेऊन पुढं निघाला. गेणबा दरवाज्यातच पडले. "मेलो वाटतं," ते म्हणाले. "मेलात," कोल्हा म्हणाला. "आता?" "आता बघत बसायचं. पुढच्या डावात परत जिवंत." "हे बेस हाय," गेणबा म्हणाले, आणि त्या सकाळी ते सगळे एकामागून एक डाव हरले आणि कोणी कोणाला शिवी दिली नाही.

मेलेल्यांना आपसात बोलता येतं. एका डावात ती आणि गेणबा दोघंच मेलेले होते. तिनं विचारलं, "आबा, असं सगळ्यांत विचारायला काही वाटत नाही का? येत नाही म्हणून?"

"काय वाटायचंय?" ते म्हणाले. "भाताची लावनी एकट्याच्यानं व्हती व्हय? आदल्या दिशी दारोदार जायाचं, उद्या माझ्याकडं या म्हनायचं. इर्जिक म्हनायचो आमी. समदी आळी यायची, ज्याचं रान त्येचं जेवान. न सांगता कोन येनार? घरात बसून र्‍हायलं तर रोप पिवळं पडंल, लोकं न्हाई यायची." माइकमध्ये कसलातरी खडखडाट झाला, बहुधा खुर्ची सरकली. "आता रानच न्हाई तर कुनाला बलवायचं. तुमी कुटल्या बिल्डिंगीत?"

तिनं नाव सांगितलं.

"मग तुमी आमच्या भाताच्या वरच्या खाचरावर ऱ्हाता की. लई पानी धरायचं ते. पाया खांदताना पंप लावल्याला त्येंनी. भिंतीला वल येती का?"

"येते," ती म्हणाली.

"येनारच," गेणबा समाधानानं म्हणाले.

दुपारी ती गॅलरीत उभी राहिली. खाली गाड्या, पलीकडं दुसऱ्या इमारतीचा सांगाडा, त्याच्या मागं डोंगराची कड. आपण चौथ्या मजल्यावर म्हणजे चिखलाच्या किती वर असू, आणि इथं पूर्वी वाकलेल्या पाठींची एक रांग सरकत गेली असेल, हे ती पाहायचा प्रयत्न करत होती. त्या रांगेतली सगळी माणसं कुणीतरी दारात येऊन बोलावल्यामुळे आलेली. तिच्या स्वतःच्या दारात कोणी आलेलं तिला आठवत नव्हतं, कारण तीच कुणाच्या दारात गेली नव्हती. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा ओलीचा डाग तिनं हात लावून पाहिला. गार होता. इतके दिवस तिला तो बिल्डरचा निष्काळजीपणा वाटत होता.

सोमवारी ती नांद्यावरून म्हाळुंग्याकडं गाडी घालताना वाक्य म्हणत राहिली आणि हेल्मेटमध्ये ते तिच्याच कानांवर आपटत राहिलं. बैठकीच्या खोलीत एसी जास्त होता. दिग्विजय, तिचा मॅनेजर, पडद्यासमोर उभा होता. नरहरी, जो सगळं तपासत असे आणि ऑफिसात सगळ्यात जुना होता, कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. आणखी चार-पाच जण होते. दिग्विजयनं पडद्यावर एकेक भाग आणला, एकेकाकडे पाहिलं, आणि एकेकानं 'ठीक' म्हटलं. तो शब्द टेबलाभोवती हातोहात फिरत तिच्याकडे येत होता. तक्ता पडद्यावर आला. दिग्विजयनं वाक्य सुरू केलं, "हे तर मृण्मयीनं पाहिलेलंच—" आणि तिची मान, अर्ध्या वाक्याला, आपली आपण हलायला निघाली. तिला ती हलताना जाणवली. ती मान तिची नव्हती, अचलपूरच्या त्या वर्गाची होती. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, जसं काही पडणाऱ्या वस्तूला आधार द्यावा.

"मी यात नवीन आहे," ती म्हणाली. "मले हे समजलं नाही. कोणी सांगेल का?"

एसीचा आवाज येत होता. दिग्विजयचं बोट हवेत होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती वाट पाहत होती, त्या टाळ्यांची, इतकी वर्षं, हे तिला त्या शांततेत कळलं; त्या वाजल्या नाहीत, आणि त्यांच्या जागी जी पोकळी झाली ती एवढी मोठी होती की तिला क्षणभर खोलीच्या भिंती दिसल्या नाहीत.

"काय समजलं नाही?" दिग्विजयनं विचारलं. चिडून नाही, खरंच.

"या टोकाला आकडा चढतो. सगळ्यात लहान बाळांना. का चढतो ते मला माहीत नाही."

दिग्विजयनं नरहरीकडे पाहिलं. नरहरीनं चष्मा काढला. "मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "मी विचारणार होतो. पण सोडून जाणाऱ्यानं समजावलं त्या दिवशी तुम्ही मान डोलवलीत. मी तुमच्याकडे बघत होतो."

तिला काचेच्या पेट्या दिसल्या, ओळीनं, एका लांब वॉर्डात, आणि या वेळी त्यात बाळं होती, मुठी वळलेली. नरहरी उठला. त्यानं लॅपटॉपची वायर काढली, तो उचलून आणला आणि उघडाच तिच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. त्यात त्यानं तपासलेलं सगळं होतं.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली.

"मी बघतो," नरहरी म्हणाला आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. दिग्विजय फोन कानाला लावून तिकडच्या इस्पितळातल्या कुणाला तरी सांगत होता की बुधवारी होणार नाही, आम्हाला तुमच्या डॉक्टरांना काही विचारायचं आहे, हो, आम्हालाच. बाकीचे खुर्च्या सरकवत जवळ आले.

तिनं तक्त्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आधी एक सांगा," ती म्हणाली. "मी नुसतं धरून चालले होते, पण यात वजन वरून खाली वाढत जातं, की खालून वर?"

सगळे वाकून पाहू लागले.